हौसाक्काचं पेव

पेव उघडायचं न्हाई म्हणतोय तुझा आबा? यंदा लई पिकलं म्हणून भ्यालाय? सांग त्याला, ही भीती ह्या गावानं मागं एकदा खाऊन बघितलीया. पोट भरत न्हाई तिनं. तू बस हितं, म्हादू, आन् ऐक.

लई जुनी गोष्ट. आपल्या वेशीचं दगड अजून डोंगरातच व्हतं, तवाची. दुष्काळामागं दुष्काळ पडला, आन् मग एका साली जोंधळा असा आला की कणसाच्या भारानं ताटं वाकली. असं म्हंत्यात, पाखरं खाऊन खाऊन एवढी जड झाली की चालत घरट्याला गेली. लोकांनी जमिनीत पेवं खणली, जोंधळा भरला, तोंडावर शिळा ठिवून मातीनं लिंपली. आन् मग कुणी उघडंनाच! कारण पेव एकदा उघडलं की समदं काढावं लागतं. हवा लागलेला दाणा परत पुरला की किडतो. "एवढं चांगलं झालं, म्हंजी आता काय तरी वाईट येणार," असं म्हणत समदी तरवट्याचा पाला शिजवून खायला लागली. खाली जोंधळा, वर उपाशी माणसं!

त्यात हौसाक्काची सून बाळंत झाली. पाला खाऊन दूध कुठनं येणार? नातू रडायचा बी थांबला.

हौसाक्का नवऱ्याला म्हणाली, "धनी, पेव उघडा."

"आन् फुडल्या साली पाऊस न्हाई पडला तर?"

"पाऊस त्याच्या फुडल्या साली पडंल. हे पोरगं कुठनं आणाल?"

तो हलला न्हाई. मग तिनंच पहार घेतली आन् शिळा उलथली. आत दिवा सोडला, तो झटक्यात विझला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारती. लोकं वरडली, "अपशकुन! अपशकुन!"

"गप बसा! दिवा विझलाय, मी न्हाई."

तोंडाशी बसून ती सुपानं वारा घालत राहिली. असं म्हंत्यात, त्या वाऱ्यानं वेशीवरची चिंच वाकली, ती अजून वाकडीच हाय. दिवा जळता राहिला तवा ती आत उतरली. पहिलं सूप सुनंला दिलं. मग गावाला हाळी घातली, "या, न्या! आज माझं खा. हे सरलं की दुसऱ्यानं उघडायचं." असं म्हंत्यात, समदं गाव वाहून नेत व्हतं, तरी दिवस मावळंस्तवर तळ लागला न्हाई.

फुडल्या साली पाऊस पडलाच न्हाई. व्हय, खरंच! भीती खोटी नव्हती. पर एक पेव सरलं की दुसरं उघडलं, आन् गाव जगलं. ज्यानं शेवटपतूर उघडलं न्हाई, त्याच्या पेवात नुसता काळा भुगा निघाला. आन् तो नातू? आपण समदी त्याचीच की रं.

तवापास्नं गावात पाळी हाय. सुगी झाली की एक घर हौसाक्काचं नाव घिऊन पेव उघडतं, आन् पहिलं सूप गावातल्या बाळंतिणीला जातं. यंदा पाळी तुमची. खालच्या आळीला शेवंता बाळंत झालीया. आबा काय म्हणतो ते मला सांगू नगंस.

ऊठ. पहार आण.