थोरल्याचा दात

एका राज्यात, जिथे हत्ती पाहुण्यासारखे येत आणि घरच्यासारखे राहत, रखमाजी नावाचा कारागीर शिकारीचे सुरे घडवी. काय दिवस होते ते! उसाला तुरे आले की कळप नदीवर उतरायचा. पुढे म्होरक्या, त्याला सगळे थोरला म्हणत. त्याचे दात इतके लांब की पाणी पिताना तो मान तिरकी करी. रखमाजीची लेक गोजरा काठावरून त्याला ऊस द्यायची, आणि तो कांडे आधी हुंगून मगच तोंडात टाकायचा.

आता तुम्ही म्हणाल, सुऱ्यांना मुठी हस्तिदंताच्या आणि हत्तींशी मैत्री, हे कसे? अहो, रीतच तशी होती. आपल्या मरणाने पडलेल्या हत्तीचाच दात घ्यायचा. एकच घ्यायचा, दुसरा त्याचा त्याला ठेवायचा. कवटीवर गुळाचा खडा ठेवून ‘घेतो रे बाबा’ म्हणायचे. मग दात भाताच्या तुसात पावसाळाभर निजवायचा. त्या मुठी घामेजल्या हातातूनही निसटत नसत.

राजा कीर्तिपाळाला मात्र दम कुठला? दसऱ्याच्या शिकारीसाठी त्याने रखमाजीकडे एक दात धाडला. रखमाजीने आतली पोकळी पाहिली. ती ओली होती. हत्ती मेलेला नव्हता, मारलेला होता, आणि एवढा लांब दात साऱ्या रानात एकाचाच. रखमाजीला रडू फुटले. पण राजाची भीती मोठी, आणि खरे सांगायचे तर दातही फार देखणा. त्याने मूठ घडवली. उरल्या दातातल्या एका तुकड्याची लेकीला फणी करून दिली, पण तो दात कुणाचा ते सांगितले नाही.

मुठीवर शेवटचा हात फिरवला आणि त्याच हाताचा अंगठा पांढरा पडला. मग बोटे, मग मनगट. सबंध हात हस्तिदंताचा झाला आणि पांढरेपण खांद्याकडे चढू लागले. सुरा राजवाड्यात गेला, आणि कळप त्याच दिवशी नदी सोडून गेला.

दारातल्या उंबरावर धनेश पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचे नवल कुणाला नव्हते.

“गोजरे, राजाने थोरल्याला मारले आणि तुझ्या बापाने त्याच्या दाताची मूठ केली. हा त्याचा शाप. पांढरेपण काळजाला भिडले की बाप गेला. तीन कामे कर. सुरा राजाच्या हातून घे, चोरू नको. मूठ अखंड सोडव. आणि थोरल्याचे जेवढे नेले तेवढे त्याला परत दे.”

गोजरा दरबारात गेली. राजाचीही दशा बरी नव्हती. सुरा लोणीसुद्धा कापीना, आणि राजा जेवायला बसला की त्याच्या कमरेचा तो सुरा हत्तीसारखा चीत्कार करी. पण ऐट? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे! त्याने सुरा फरशीवर फेकला.

“उचल.”

“उचलणार नाही, महाराज. आमची रीत आहे. सुरा देणाऱ्याने पाते आपल्या हातात धरावे आणि मूठ घेणाऱ्यापुढे करावी.”

“राजाने पाते धरावे?”

“थोरल्याला मारताना हात कचरला नव्हता, महाराज.”

तेवढ्यात सुऱ्याने असा चीत्कार केला की दिव्यांच्या वाती थरथरल्या. राजा जन्मात पहिल्यांदा वाकला. त्याने पाते धरले, आणि लोणी न कापणाऱ्या सुऱ्याने त्याचा तळहात कापला.

“ने,” राजा म्हणाला. “आणि थोरल्याला सांग...” एवढे बोलून तो सिंहासनाकडे वळला.

मूठ लाखेने बसवलेली. ओढावी तर फुटेल, तापवावी तर तडकेल. खाटेवरून रखमाजी म्हणाला, “पातं तापव, पोरी. मुठीला आच लावू नको. ऊब आपली आपण आत जाईल.”

गोजरा निखाऱ्यांवर पाते धरून बसली.

“थोरला तुझा ऊस हुंगायचा, आठवतं?”

“आठवतं, आबा. किडका निघाला की माझ्याच अंगावर फेकायचा.”

दोघे हसले, आणि हसता हसता रडले. लाख सुटली. मूठ अलगद तिच्या हातात आली, पण पांढरेपणाने तोवर खांदा ओलांडला होता.

गोजराने मूठ घेतली, उरलेला दात घेतला, कानशीचा कीससुद्धा गाडग्यात भरला. रखमाजी तिच्या केसांतल्या फणीकडे पाहत राहिला. ती तेवढी तिच्यापाशी राहावी म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवले.

रानात थोरल्याची हाडे पावसाने धुऊन निघाली होती, दुसरा दात कवटीतच होता. गोजराने सगळे त्यांच्यापाशी मांडले, कवटीवर गूळ ठेवला. काहीच झाले नाही.

“उणे आहे,” धनेश म्हणाला.

“सगळं आणलं की!”

“केस कशाने विंचरतेस?”

तिचा हात फणीवर गेला आणि तिला सारे कळले. फणीवर आबांनी ऊस खाणारा इवलासा हत्ती कोरला होता. त्यांनी तिच्यासाठी घडवलेली ती शेवटची वस्तू. आबा वाचले नाहीत, तर तेवढीच खूण उरणार होती. तिने ती गालाशी धरली, खूप रडली, आणि कवटीपाशी ठेवली.

“घे रे बाबा. तुझंच आहे.”

डोळ्यांदेखत हाडांवर हिरवे गवत चढले. घरी रखमाजीने मूठ वळली, उघडली. हात सावळा होता, ऊन होता.

राजाने जुनी रीत दवंडी पिटून पुन्हा लावली, आणि स्वतः पुन्हा शिकारीला गेला नाही. उसाला तुरे आले तसा कळप नदीवर उतरला. पुढे थोरला नव्हता, त्याची जागा एका तरण्या हत्तीने घेतली होती.

रखमाजीची बोटे मात्र कसब विसरली होती. सारा हंगाम खपून त्याने शिसवीची एक फणी केली. दाते वाकडे, एक तर तुटलेलाच.

“बिघडली गं,” तो म्हणाला.

“असू दे, आबा. ही कुणाची हिरावलेली नाही.”

तीच फणी केसांत खोवून ती नदीवर गेली. तरण्या हत्तीने तिच्या हातचे कांडे आधी हुंगले, मग खाल्ले. ज्याचे त्याला मिळाले. तुमचेआमचेही आपल्याला मिळो.