दुसरा हात

“बाकीची सगळी माझ्या हातून खातात, अण्णा. मग तीच का खात नाही?”

अण्णा ओसरीवर बसून सनईच्या कानातल्या गोचिड्या वेचत होते. सनई म्हणजे त्यांची तीन पायांची काळी कुत्री. एक गोचिडी वेचायची, रॉकेलच्या वाटीत टाकायची, की पुढची.

“अण्णा...”

“ऐकतुय की.”

“आज एक्केचाळिसावा दिवस आहे.”

“व्हय का,” अण्णा म्हणाले. “दिस कसं जात्यात, कळत न्हाई.”

श्रीपादबुवांच्या कपाळावर आठी उमटली. अण्णांचं वाटीकडे लक्ष होतं.

श्रीपादबुवा म्हणजे काही ऐरीगैरी असामी नव्हे. वय बेचाळीस, संस्कृत तोंडपाठ, प्रवचनाला बसले की मांडव अपुरा पडे. स्वभाव मात्र नाकावर माशी बसू न देण्यातला. याआधी तीन गुरूंची दारं झाली होती. तिघांनीही त्यांच्या विद्वत्तेला हात जोडले आणि अनुग्रह काही दिला नाही.

अनुग्रह म्हणजे तरी काय? गुरूने जवळ घेऊन कानात सांगितलेले दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी हा माणूस वीस वर्षं वणवण फिरत होता. त्यांच्यावाचून आपलं सगळं बोलणं नुसती पोपटपंची आहे, हे लोकांना कळलं नव्हतं. बुवांना कळलं होतं, आणि ते त्यांना आतून पोखरत होतं.

आणि फिरत फिरत येऊन पोचले ते कुठे, तर एका रिटायर कंडक्टरच्या दारात.

तुळशीरामअण्णांनी चौतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. भगवं नाही, मठ नाही, पाया पडून घेणं नाही. माणदेशातल्या एका फाट्यावर तीन खोल्यांचं घर, मागे पाण्याची टाकी, एक लिंब, आणि घरभर कुत्री-मांजरं. नोकरीत असताना एखाद्या स्टँडावर काही लंगडताना, कण्हताना दिसलं की परतीच्या गाडीने ते घरी यायचं. तिकीट नाही म्हणून आपण कुणाला खाली उतरवलं नाही, असं अण्णा सांगत. लोक त्यांच्याकडे आपापली दुःखं घेऊन येत, ओसरीवर गप्प बसत आणि जाताना बरं वाटलं म्हणत.

पहिल्या दिवशी बुवांनी आपलं घराणं, परंपरा, पदव्या, सगळं सांगितलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “या पाव्हणं.”

मग त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. तिथे एक तांबडी कुत्री भिंतीला चिकटून बसली होती.

“ती ज्या दिवशी तुमच्या हातनं घास घील, त्या दिवशी तुमचा अनुग्रह.”

तेव्हापासून अण्णा त्यांना पाव्हणंच म्हणत आले. बुवांना त्यात मान वाटे.

त्या तांबडीलाही घरात पाव्हणीच म्हणत. या घराची एक रीत होती. जनावर आणलं की लगेच त्याचं नाव ठेवायचं नाही. राहू दे, खाऊ दे, लपू दे. ज्या दिवशी ते आपण होऊन कुणाच्या हातून घास घेईल, त्या दिवशी अण्णांच्या पत्नी माई गुळाचा डबा काढायच्या, त्याच्या जिभेला गूळ लावायच्या आणि कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करून नाव सांगायच्या. तोवर ते पाहुणं.

नाव काय ठेवायचं ते माई त्याच वेळी ठरवायच्या. सनईने हातून घास घेतला तेव्हा देवळात आरती चालू होती, आणि घास गिळून तिने जो सूर लावला तो शेवटच्या घंटेपर्यंत सोडला नाही. अजूनही सोडत नसे. पिवळा उंच कुत्रा होता तो मास्तर. सगळ्यांच्या थाळ्या भरल्या आहेत की नाही हे फिरून बघितल्याशिवाय तो स्वतःच्या थाळीला तोंड लावत नसे, आणि कुणी दुसऱ्याच्या थाळीकडे वळलं तर नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज काढायचा. तेवढा पुरे व्हायचा. ठमी नावाची बोजड मांजर सुपात झोपायची, आणि माईंना धान्य पाखडायचं असेल तर आधी तिची मनधरणी करावी लागायची. एक डोळा गेलेला बोका होता, चोपदार. अण्णा आंघोळीला निघाले की हा शेपूट उभारून पुढे चालायचा, दारात बसायचा आणि परत आणून सोडायचा.

आणि काडी. मुठीएवढं मांजरीचं पिल्लू. कुणी बघत असलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. माई तिच्यापुढे वाटी ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायच्या. लांब जायचं नाही, वळून बघायचंही नाही. पाठीमागे जीभ वाजायला लागली की माईंच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते बुवांनी मोठमोठ्या यज्ञांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

पहिला आठवडा बुवांनी नाक मुरडण्यात घालवला. पण पाव्हणीपर्यंत जायची वाट या सगळ्यांमधून होती. हळूहळू मास्तरची तपासणी होईपर्यंत थांबायला ते शिकले. काडीकडे पाठ करून बसायला शिकले, आणि बसल्या बसल्या स्तोत्र म्हणायची सवयही त्यांनी सोडली, कारण तिला ते आवडत नसे. एकदा ठमी त्यांच्या धूतवस्त्रावर झोपली तर ती उठेपर्यंत ते ओलेत्याने उभे राहिले. माईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पाव्हणीपुढे मात्र त्यांनी हात टेकले.

प्रयत्न करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. बुवांचं परान्नाचं व्रत होतं, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. बरोबर आणलेल्या पितळी स्टोव्हवर स्वतःची मुगाची खिचडी ते स्वतः शिजवत. व्रत कशासाठी, असं कुणी विचारलं तर शास्त्र सांगत. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस दिवस या घरात राहून त्यांनी माईंच्या हातचा साधा चहासुद्धा घेतला नव्हता.

त्याच खिचडीत साजूक तूप घालून रोज दुपारी ते टाकीपाशी जात. मुकटा नेसून, नैवेद्य दाखवायचा तसे. कुत्र्याला भरवायचं तर सोवळं कशाला, असं माईंच्या ओठांवर यायचं, पण त्या बोलत नसत. बुवा खाली बसत. डावा हात पाठीशी घेत, कारण देण्याच्या कामात डाव्याचा संबंध नको ही त्यांची शिस्त. उजव्या हातावर घास ठेवून तो पुढे करत.

पाव्हणी बघत राहायची. तीन हातांवरून. बुवांचा खांदा भरून यायचा, घास थिजायचा. शेवटी ते घास दगडावर ठेवून उठत, आणि ते पार ओसरीपर्यंत पोचले की ती येऊन मुकाट्याने खायची.

“माझ्यात काय खोट आहे, ते तरी सांगा,” बुवा अण्णांना म्हणाले.

“मला काय ठावं? तिला इचारा.”

“ती काय सांगणार?”

“बघती ना ती तुमच्याकडं? मग सांगतीच की. ती घासाकडं बघती, का आणि कुठं?”

हे बुवांनी पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर घासावर असायची.

“मी उद्या निघतो,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “आता कुणाच्या दारी जाणार नाही. प्रवचनंही बंद. माझ्यात नसेल ते, झालं.”

अण्णांनी पहिल्यांदा वाटीवरून मान वर केली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण थांबा म्हणाले नाहीत.

“जाताना जेवून जावा,” एवढंच म्हणाले.

“अण्णा, माझं परान्नाचं...”

“व्हय की. इसरलूच.”

दुसऱ्या दिवशी बुवांनी वळकटी बांधली. दुपारची एसटी होती. शेवटची म्हणून थोडी खिचडी केली, आणि मुकटा वळकटीत गेला होता म्हणून साध्या धोतरानेच टाकीपाशी गेले. नेहमीसारखे बसले. डावा हात पाठीशी, उजव्यावर घास.

आज मात्र त्यांनी घासाकडे पाहिलं नाही. पाव्हणीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

ती घासाकडे बघतच नव्हती. मान किंचित वाकडी करून ती त्यांच्या कमरेच्या बाजूने मागे काही दिसतं का ते बघत होती.

माई भाकरीची टोपली घेऊन लिंबाखाली आल्या होत्या. बुवांनी न वळता, हळू आवाजात विचारलं, ही अशी मागे काय बघते?

“हात बघती,” माई म्हणाल्या. “दुसरा हात. वड्याच्या गाड्यामागं असायची ती. एक जण एका हातानं वडा दावायचा आन् जवळ आली की मागच्या हातातलं कढत तेल टाकायचा. तिच्या पाठीवरचं केस गेलंत, ते बघितलं न्हाई का तुमी? तवापासनं देणाऱ्याचा एक हात दिसला की ती दुसरा हुडकती.”

बुवांच्या मनात आलं, एक्केचाळीस दिवस. एक्केचाळीस दिवस आपण तिच्यापुढे तसंच बसलो. अगदी तसंच.

घास त्यांनी दगडावर ठेवला. डावा हात पाठीमागून हळूच पुढे आणला आणि तिला दिसावा म्हणून गुडघ्यावर उताणा ठेवला. रिकामा, उघडा.

पाव्हणी एक पाऊल पुढे आली.

माई मागून टोपली घेऊन चालल्या होत्या. जेवणाची वेळ, आणि समोर पसरलेला हात. चाळीस वर्षं वाढण्यात गेलेल्या बाईने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. वाकून चतकोर भाकरी त्या तळहातावर ठेवली. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“अगं बाई... तुमचं व्रत.”

बुवा हलले नाहीत.

भाकरी गरम होती. बाजरीची, कडेला जरा करपलेली. आणि बुवांना एकदम काकांच्या घरची पंगत दिसली. आई गेली त्या वर्षीची. अकरा वर्षांचा श्रीपाद, पुढे ताट, ताटात तिसरी भाकरी. आणि सगळ्यांदेखत काकूचा हात आला होता आणि ती भाकरी उचलून घेऊन गेला होता. पुरे झालं, एवढंच काकू म्हणाली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःची चूल मांडली. तिला व्रत हे नाव पुढे पुष्कळ वर्षांनी दिलं.

आताही ते भाकरीकडे बघत नव्हते. त्यांच्याच ध्यानात आलं, आपण माईंच्या हाताकडे बघतोय. तो परत येतो का, ते बघतोय.

माईंनी हात पदराला पुसला. टोपली खाली ठेवली. मग काय समजल्या कोण जाणे, बुवांपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी बुवांकडे पाठ केली. काडीसाठी करायच्या तशी.

मास्तर येऊन थाळ्यांवरून नजर फिरवून गेला.

बुवांनी तुकडा मोडला. तोंडात घातला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यांनी ती पुसली नाही. एकतीस वर्षांनी दुसऱ्याच्या हातची भाकरी पोटात जात होती. दुसरा तुकडा मोडला. तोही खाल्ला. माईंनी वळून बघितलं नाही.

डाव्या तळहातावर शेवटचा तुकडा राहिला होता. बुवांना त्याचा विसर पडला होता. अनुग्रहाचा, एसटीचा, सगळ्याचाच विसर पडला होता.

हाताला काहीतरी गार लागलं. नाक होतं ते.

पाव्हणीने आधी दोन्ही हात हुंगले. सावकाश, एकामागून एक. मग डाव्या हातावरचा तुकडा उचलला आणि तिथेच, त्यांच्या गुडघ्याला टेकून, खाल्ला. संपल्यावर तळहात चाटून काढला.

फाट्यावर एसटी येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. गाडी गेली.

बऱ्याच वेळाने बुवांनी मान वर केली. ओसरीवर अण्णा बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती.

बुवांना काहीतरी बोलायचं होतं. तिने खाल्लं, अण्णा, असं सांगायचं होतं.

“ऱ्हाऊ द्या,” अण्णा हाताने खूण करत म्हणाले. मग माईंना हाक मारली.

“अगं ए, गुळाचा डबा आण...”

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“आन् जरा जास्तच आण,” अण्णा म्हणाले. “आज दोघांची नावं ठिवायचीत.”