कोठीतल्या उंदरांना काय म्हणावे?

सरदेसाईंच्या धान्याच्या कोठीत उंदीर माजले, तेव्हा कोठी सांभाळणारे कोठावळे नागोपंत यांनी अर्ज लिहिला, ‘उंदरांचा उपद्रव वाढला आहे.’ सरदेसाईंना भाषेचा भारी अभिमान. ते म्हणाले, “उपद्रव शत्रूचा असतो. योग्य शब्द लिहा.”

पंतांनी ‘त्रास’ लिहिले. “त्रास माणसाला होतो. ज्वारीला होतो का?”

‘पीडा’ लिहिले. “ती ग्रहांची!”

‘कटकट’ लिहिले. “उंदीर तुमच्याशी बोलतात वाटतं? उद्या योग्य शब्द आणा, नाहीतर किल्ल्या ठेवून चालते व्हा.”

पंतांचे डोके पार गरगरले. जाच म्हणावे, की छळ, की ब्याद? तिकडे उंदीर पोत्यांमागून पोती फस्त करत होते. शेवटी पंतांची लेक वेणू म्हणाली, “बाबा, तुम्ही राहू द्या. उद्याचा अर्ज मी बांधते.”

अर्ज खलित्यात, म्हणजे कापडी थैलीत घालायचा आणि तिची गाठ सरदेसाईंनीच सोडायची, असा तिथला रिवाज होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठ सोडली, तर आतून गलेलठ्ठ उंदीर उडी मारून त्यांच्या मांडीवर! सरदेसाई ताडकन गादीवर उभे राहिले आणि ओरडले, “अरे, कुणीतरी मांजर आणा!”

पंतांबरोबर आलेली वेणू हात जोडून म्हणाली, “सरकार, उंदीर अंगावर आल्यावर आपणही शब्द शोधला नाहीत, मांजर मागवलंत. आमचाही अर्ज तेवढाच आहे.”

सरदेसाई ओशाळले. संध्याकाळच्या आत कोठीत चार मांजरे पोचली. नागोपंत मात्र अजून विचारतात, “पण वेणू, बरोबर शब्द कोणता गं?”