बाबांच्या ताटातला शिरा

"पण माझं का नाही घेतलंत, बाबा?"

विचारून झालं आणि रुद्रगिरी स्वतःच दचकला. कित्येक महिने हा प्रश्न त्याने गिळून ठेवला होता.

बाबा मठाच्या ओसरीवर उन्हाला बसले होते. त्यांचं यकृत निकामी झालं, तेव्हा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला मठातले दोघंही शिष्य पुढे आले होते. घेतला गेला तो धाकट्या हेमगिरीचा. कालपरवा आलेल्या पोराचा! आता दर्शनाला आलेली माणसं बाबांच्या पाया पडून झालं की हेमगिरीच्याही पाया पडत. थोरला रुद्रगिरी शेजारी उभा असे, चपला राखायला ठेवल्यासारखा. त्याचा नुसता जळफळाट होई.

"कारण सांगितलं ना तुला डॉक्टरांनी?"

"यकृतात चरबी आहे म्हणे. ही काय सबब झाली? मी बाहेरचा चहासुद्धा घेत नाही. तुमच्या ताटात उरेल तेवढा प्रसाद खातो."

"तेवढाच..."

बाबा हसले. रुद्रगिरीला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

बाबांचं ताट हा मठातला मोठा मान. भक्त रोज साजूक तुपातला शिरा आणत. बाबा एक घास घेत, उरलेलं ताट थोरल्या शिष्याचं. इतक्या वर्षांत रुद्रगिरीने त्या ताटाला दुसऱ्याचं बोट लागू दिलं नव्हतं. हेमगिरी नवा असताना एकदा न कळून जवळ सरकला होता, तर या पठ्ठ्याने ताटासकट पाठ फिरवली होती.

"अर्धंअधिक यकृत कापून दिलं म्हणतात," रुद्रगिरी धुसफुसला. "आणि परवा दोन कळशा घेऊन टेकडी चढला!"

"त्याचं पुन्हा भरून आलं. मला दिलेला तुकडाही वाढून पुरेसा झाला. डॉक्टर सांगत होते, यकृताच्या पेशी एरवी निवांत असतात. तुकडा कापला गेला की कामाला लागतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार..."

"म्हणजे त्याचं काहीच गेलं नाही. मान मात्र फुकटचा."

रुद्रगिरी तेवढ्यावर थांबला नाही.

"मग तुमचं जुनं यकृत का नाही भरून आलं?"

"तेही बिचारं वर्षानुवर्षं भरूनच काढत होतं. पण त्यातल्या काही पेशी थांबायचं विसरल्या. वाढतच सुटल्या. शेजारणींना जागा ठेवीनात. त्यांचीच गाठ झाली."

"पण पेशीला कळतं कसं, कधी थांबायचं ते?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हेमगिरी शिऱ्याचं ताट घेऊन आला. बाबांनी एक घास घेतला. सवयीने रुद्रगिरीचे दोन्ही हात पुढे झाले...

बाबांनी ताट सोडलं नाही.

"दोघांत वाट."

रुद्रगिरीचा चेहरा पडला. लोक गेले, पाया पडणं गेलं, आता ताटही! त्याचे डोळे भरून आले.

"माझ्याकडे एवढंच होतं, बाबा..."

बाबांची पकड सुटली नाही. ताट दोघांच्या हातात.

अखेर रुद्रगिरीने ते हिसकावलं आणि हेमगिरीपुढे आदळलं. "घे! वाटायचं कशाला? सगळंच घे!"

हेमगिरी बावरला. बाबांकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि मांडी घालून बसला. दोन घास खाल्ले. मग शिऱ्याने भरलेलं ते ताट त्याने हळूच रुद्रगिरीकडे सरकवलं.

"बास, दादा. माझं झालं."

रुद्रगिरी ताटाकडे बघतच राहिला. हात मात्र पुढे होईना.

बाबांनी आपला तळवा पोटावरच्या व्रणावर ठेवला.

"इथे याचा तुकडाही असंच म्हणाला."