कॅमेलिया माडीवर जाते

फार पूर्वी पाचगणीच्या गार वाऱ्यात एक बाग होती. तिथली झाडं माणसांशी बोलत. बागेची मालकीण चिमाबाई आजारी पडून माडीवर अंथरुणाला खिळली. ती उठली नाही तर बाग वाळणार, हे सगळी झाडं ओळखून होती.

"माझा वास पोचेल वर," सोनचाफा म्हणाला. पण थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. वास काचेवरूनच परतला.

"मला वर न्या," कुंडीतली बुटकी कॅमेलिया म्हणाली.

"अगं ठेंगणे," चाफा हसला, "तुला नुसतं फिरवलं तरी कळ्या गाळतेस तू!"

ते खरंच होतं. तरी ती चिमाबाईच्या भावाला म्हणाली, "केरबादादा, माझी उजेडाकडची बाजू उजेडाकडेच ठेवा. बाकी मी बघते."

केरबाने कुंडी तशीच माडीच्या खिडकीशी ठेवली. काही कळ्या गळाल्याच. उरलेल्या तिने घट्ट धरून ठेवल्या. एका सकाळी त्यातली एक उमलली आणि खिडकीत लालचुटूक फूल झळकलं.

"कोण गं फुललं?" म्हणत चिमाबाई उठून बसली. "केरबा, झारी भर. मी खाली येते."

"कुंडीही नेऊ का खाली?"

"खबरदार!" कॅमेलिया म्हणाली. "माझ्या बाकीच्या कळ्या अजून उमलायच्यात."