घाईचं झाकण

भांड्यांना वाचा होती आणि माणसांना घाई नव्हती, असा एक काळ होऊन गेला. ही गोष्ट त्याच्या जरा नंतरची. घाई आली होती, पण भांड्यांची वाचा अजून गेली नव्हती.

कालिंदीच्या ओट्यावर रोज सकाळी तीन डबे भरले जात. त्यांतल्या लेकीच्या डब्याच्या झाकणाच्या जिवाला चैन म्हणून नव्हती. कालिंदी गरम उसळ-पोळी भरी, झाकण तिरपं ठेवी आणि लेकीच्या वेण्या घालायला जाई. तेवढा वेळही त्याला सोसेना.

एक दिवस भिंतीवरचं घड्याळ ओरडलं, "आटप, आटप! रिक्षा येईल!"

"थांब रे बाबा," पोळ्यांची जुनी दुरडी म्हणाली. "पोळीचा श्वास बाहेर पडू दे."

"तुला काय, घरातच बसायचंय!" म्हणत झाकण स्वतःच सरकलं आणि खटकन बसलं. कालिंदीला वाटलं, आपणच लावलं असेल.

दुपारपर्यंत झाकणाला घाम फुटला आणि तो पोळीवर गळत राहिला. पोळीचा लगदा झाला, उसळ आंबली. संध्याकाळी उपाशी लेक म्हणाली, "आई, मला शिळं दिलंस?"

पहाटेपासून राबलेल्या कालिंदीने डबा हुंगला आणि आपलंच चुकलं असं समजून ती तो घासत राहिली. खरं काय ते झाकणाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा ओरडलं, "आटप की! आज काय झालंय तुला?"

झाकण नुसतं थरथरत होतं, पण तिरपंच राहिलं.

"ओरडू नकोस," ते म्हणालं. "आत अजून श्वास चाललाय."