सोनकीने मागितलेलं भिंग

निळ्यानिळ्या डोंगरांच्या कुशीत एक नगर होतं. तिथे सोनकी नावाची इवलीशी मुलगी तिच्या आईबरोबर, भागीरथीबरोबर राहायची. झोपडीचं छप्पर गळायचं. एकच भाकरी दोघी अर्धी अर्धी खायच्या. पण आईच्या हातात जादू होती. ती खडे घासायची, की त्यांत जणू दवबिंदू हसायचे.

एकदा जवाहिरे केशरशेट यांनी राणीच्या हारातलं लालचुटुक माणिक तिच्याकडे घासायला दिलं. ते परत नेलं आणि दुसऱ्याच दिवशी दरबारात सांगितलं, "हे माणिक नाही, काच आहे. भागीरथीने खडा बदलला."

आईला कोणी काही विचारलंसुद्धा नाही. शिपायांनी तिला कोंडलं. शेजारणींनी दारं लावून घेतली.

सोनकीला रडू आलं नाही, राग आला. गाल तापले, मुठी वळल्या. पाय आपटत ती राजबागेत शिरली.

तिथे बाभळीच्या सोनेरी डिंकात बोटाएवढ्या परीचा मोरपंखी पंख अडकला होता.

"हलू नकोस गं, फाटेल," सोनकी म्हणाली. झऱ्याचं पाणी ओंजळीत आणून तिने डिंक हळूहळू भिजवला. दुपार कलली, तरी ती उठली नाही. पंख मोकळा झाला आणि चांदीचा चुरा उधळावा तशी बाग चमकली.

"किती रागात आहेस, तरी हात किती हळुवार," परी म्हणाली. "काय हवं तुला?"

"खरं काय ते मला दिसू दे."

परीने तिच्या तळव्यावर इवलंसं भिंग ठेवलं. "हे डोळ्याला लाव. तीनदाच बघता येईल. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं, आपल्या विरुद्ध असलं तरी. लपवलंस, तर भिंग आंधळं होईल."

सोनकी थेट दरबारात गेली. आईला तिथे उभं केलं होतं. सोनकीने तो लाल खडा भिंगातून पाहिला. आत काचेत असतात तसे गोलगोल बुडबुडे होते. 

"ही काचच आहे," ती म्हणाली.

सगळे हसले. केशरशेट सर्वांत मोठ्याने हसले.

"राणीसाहेब, आईने कधी हात न लावलेला खडा मला दाखवा."

राणीने हारातला दुसरा खडा पुढे केला. त्यातही बुडबुडे.

"हीसुद्धा काच आहे. मग हा खडा कोणी बदलला?"

 केशरशेट यांनी हातातली अंगठी तळव्याकडे फिरवली. ते सोनकीने पाहिलं. राणीच्या हुकमावरून अंगठी पुढे आली. सोनकीने तिसऱ्यांदा भिंग डोळ्याला लावलं. अंगठीच्या माणकात बुडबुडे नव्हते. रेशमासारखे बारीक धागे होते आणि एक छोटीशी पांढरी चांदणी होती. तिने ते मोठ्याने सांगितलं.

"चांदणी?" राणी उठलीच. "ती मला माझ्या वडिलांनी भिंगातून दाखवली होती. ते माणिक माझं आहे."

केशरशेट यांची मान खाली गेली. शिपायांनी त्यांना धरलं. राणीने सोनकीला मोत्यांनी भरलेलं ताट देऊ केलं.

"मला मोती नकोत," सोनकी म्हणाली.  "आईला तुम्ही सर्वांसमोर चोर ठरवलंत. आता सर्वांसमोर माफी मागा."

राणी सिंहासनावरून उतरली. तिने आईचे खडबडीत हात हातात घेतले. "चुकले मी, भागीरथीबाई. न विचारता दोष दिला. आजपासून या नगरीच्या रत्नपारखी तुम्ही."

खिडकीत केशरी, जांभळा, सोनेरी उजेड पसरला. सोनकीच्या तळव्यावरचं भिंग दवासारखं विरलं. खिडकीत आलेल्या परीने पंख हलवले आणि ती त्या उजेडात मिसळून गेली. सोनकीने मात्र तिकडे पाहिलंच नाही. आईच्या पदरात तोंड खुपसून ती आता कुठे रडत होती.